उतेकर मास्तरांची टर्म

आश्विनातल्या एका मंगळवारी, मधल्या सुट्टीनंतर, शाळेत तार आली. उतेकर मास्तर मुंबईत इस्पितळात वारले होते. हेडमास्तरांनी तार वाचली, घडी घातली आणि शिपायाला घंटा द्यायला सांगितले. मुले घरी गेली. मी सहावीच्या वर्गावर होतो. मी फळा पुसला आणि बाहेर आलो.

महाडच्या इंग्रजी शाळेत मी संस्कृत शिकवतो. उतेकर मास्तर इंग्रजी आणि गणित शिकवीत. आमच्या वर्गांच्या मध्ये फळ्यांची भिंत आहे आणि त्या फळ्या लाकूड ओले असतानाच ठोकल्यामुळे त्यांच्यात फटी पडल्या आहेत. त्यामुळे दहा-बारा वर्षे मी त्यांना पाहिले त्यापेक्षा ऐकले जास्त. खडू मोडल्याचा आवाज, छत्री खिडकीच्या गजाला अडकवल्याचा आवाज, एखादे उदाहरण सुटले की 'हां, आता कसं' हे शब्द. माझ्या मुलांना विभक्ती चालवायला लावून मी स्वतः पलीकडची भूमिती ऐकत बसलो आहे, असे पुष्कळदा झाले.

त्यांच्या वर्गातली हजेरी तासाच्या शेवटी होई. शाळेत इतर सगळीकडे पहिल्या घंटेला पट उघडत. हेडमास्तरांनी दोनदा विचारले, तेव्हा उतेकर मास्तर म्हणाले, "साहेब, होडी माझ्या घड्याळावर चालत नाही." नदीपलीकडची मुले होडीने येत. पाण्याला ओढ असली की होडीवाला थांबे, आणि मुले धापा टाकीत अर्ध्या तासाला दारात उभी राहत. मास्तर त्यांच्याकडे न बघता हातानेच बसायची खूण करीत आणि शिकवणे पुढे चालू ठेवीत.

मग तास संपता संपता पुकारा होई. हा पुकारा त्यांनी कोर्टातल्या पट्टेवाल्याकडून उचलला होता. हजर मुलाचे नाव ते साधेच घेत. पण ओ आली नाही, तर पट खाली ठेवून, गळा साफ करून, दाराकडे तोंड करून ओरडत, "इस्माईल वल्द दाऊद! हाजीर आहे?" एकदा, दोनदा, तीनदा. तिसऱ्यांदा अंमळ जास्त वेळ थांबत. त्यानंतरच खाडा लागे. मुले हसत. हा इस्माईल मोहल्ल्यातला, तांदळाचे व्यापारी दाऊदशेट यांचा मुलगा. तो होडीने येत नसे, घर शाळेपासून हाकेवर. उशीर करायचा केवळ आवड म्हणून. एकदा तिसऱ्या पुकाऱ्याला तो खिडकीतून आत आला. मास्तर म्हणाले, "आरोपी आडमार्गाने हजर झाला, पण झाला." त्यांनी त्याला हजर लावले.

गावात त्यांना सगळे वकील मास्तर म्हणत. ते वकील नव्हते. पोलादपूरच्या बाजूला, कशेडीच्या पायथ्याशी त्यांची वाडी. वडील डोंगरउतारावर नाचणी-वरी करीत. थोरला भाऊ परळच्या गिरणीत. त्या भावाच्या खोलीत राहून, फोर्टात एका पेढीवर दिवसभर कारकुनी करून ते बी.ए. झाले आणि मग संध्याकाळच्या लॉ क्लासला जाऊ लागले. कायद्याच्या पदवीला दोन गोष्टी लागत. परीक्षा तर लागतच, पण परीक्षेला बसण्यापूर्वी चार टर्मा भराव्या लागत; आणि टर्म भरणे म्हणजे त्या सहामाहीतल्या ठरलेल्या व्याख्यानांना हजर असणे. तेवढी हजेरी नसेल तर प्रिन्सिपॉल सही करीत नसत, आणि ती सही नसेल तर कितीही हुशार विद्यार्थी परीक्षेच्या दाराशीच थांबे. उतेकर मास्तरांनी पहिली परीक्षा दिली होती आणि तीन टर्मा भरल्या होत्या. चौथी बुडाली.

ती कशी बुडाली हे ते स्वतः रंगवून सांगत. पेढीच्या शेटजींना दिवे लागल्यावर हिशेब आठवत. मास्तर पळत क्लासला पोहोचत तोवर हजेरी होऊन गेलेली असे, कारण तिथे ती पहिल्या पाच मिनिटांत उरकत. मित्र म्हणाले, तुझ्या नावाला आम्ही ओ देतो. तशी ओ देण्याची तिथे पद्धतच होती. एकेक जण तीन तीन आवाज काढी. मास्तरांनी नको म्हटले. "माझ्या नावाला दुसऱ्यानं ओ द्यायची, तर उद्या फी पण त्यालाच मिळायची," असे ते सांगत. टर्म संपली तेव्हा थोडी व्याख्याने कमी पडली. त्यावरही इलाज होता. आजारीपणाचा अर्ज केला की प्रिन्सिपॉल तूट माफ करीत. कचेरीतल्या कारकुनाने अर्जाचा मजकूर सांगितला, चाळीतल्या डॉक्टरांनी दाखला देऊ केला. मास्तरांनी अर्जात लिहिले की पेढीवरून सुटायला उशीर होत असे. प्रिन्सिपॉल चांगले गृहस्थ. त्यांनी बोलावून विचारले, "तुम्हाला मध्यंतरी बरं नव्हतं का? नीट आठवून सांगा."

"मी नीट आठवलं," मास्तर सांगत, "आणि म्हणालो, नाही सर, प्रकृती उत्तम होती. शास्त्रीबुवा, मला आजारी पडताच आलं नाही!"

मला ते शास्त्रीबुवा म्हणत. मी शास्त्री नाही, पण त्यांनी मला ती पदवी टर्म न भरता दिली होती. ही गोष्ट आम्ही शिक्षकांनी कितीदा ऐकली असेल आणि दर वेळी हसलो असू. मीही तिच्यात एका माणसाचा सरळपणा बघत होतो. हरवलेली टर्म तिच्यात होती, ती कोणी पाहिली नाही.

त्याच वर्षी त्यांचे वडील वारले. भावाच्या एकट्याच्या पगारात दोन घरे चालेनात. महाडच्या शाळेत जागा निघाली आणि ते आले. तात्पुरते आले. पुढच्या जूनला मुंबईस जायचे, एक टर्म भरायची, परीक्षा द्यायची, सनद घ्यायची, आणि इथल्या सबजज्जाच्या कोर्टात उभे राहायचे, एवढा बेत होता. त्या जूनला गिरण्या बंद पडल्या आणि भाऊ गावी येऊन बसला. पुढल्या जूनला बहिणीचे लग्न. मग आईच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरले. एका जूनला सगळे जमले होते, तर शाळेत इंग्रजीला दुसरा माणूस मिळेना. उन्हाळ्याची सुट्टी लागली की मी विचारी, "मास्तर, यंदा?" ते छत्री उघडून तिच्या काड्या तपासत म्हणत, "एकच तर टर्म राहिलीय, शास्त्रीबुवा. ती कुठे पळून जाते?"

बाजाराच्या दिवशी पोलादपूरकडची माणसे शाळेच्या पायरीवर येऊन बसत. आमच्याशी मास्तर पुणेरी बोलत. या माणसांशी मात्र त्यांची बोली क्षणात बदले, आणि भिंतीपलीकडून ऐकताना वर्गात दुसराच कोणी आला असे वाटे. एकदा मधल्या सुट्टीत त्यांच्याच वाडीतले धाकू आणि गोपाळ हे दोघे शेजारी आले. धाकूच्या गुरांची पाण्यावर जायची वाट गोपाळने कुंपण घालून बंद केली होती. भांडण दोघांचे, पण चालत दोघे बरोबरच आले होते आणि एकाच चंचीतली तंबाखू खात होते.

"मास्तर, तुमीच माजं काम चालवा," धाकू म्हणाला.

"मी वकील नाय, धाकूदा."

"मंग समदी वकील मास्तर कशापायी म्हनतात?"

"एक टर्म ऱ्हायली हाय."

"म्हंजी किती?"

"एक पावसाळा."

धाकूने विचार केला. "मंग आमी थांबतो. गुरं नेतो वरच्या अंगानं. काय रे गोपाळा?"

"माजं काय जातंय? कुंपान हाय तिथंच हाय," गोपाळ म्हणाला. "घरचा वकील आसला तर मला बी बरा. मास्तर, तुमाला दोगांचं चालवाया येनार नाय काय?"

मला हसू आले. मास्तरांना आले नाही. मी त्यांना चिडलेले पाहिले ते त्या एकाच वेळी. "थांबायचं नाय!" ते ओरडले. "माज्यासाठी कोनी थांबायचं नाय. कायदा कुनासाठी थांबत नाय. मुदत जाते, वहिवाट जाते. तू आज हक्क सोडलास तर उद्या मी काय घेऊन उभा ऱ्हाऊ?" आणि त्याच संध्याकाळी धाकूला ते स्वतः गावातल्या वकिलांकडे घेऊन गेले. पुढे काम उभे राहिले तेव्हा रजा काढून कोर्टात मागे, खांबाला टेकून उभे होते. वकील नीट बोलले, निकाल धाकूच्या बाजूने लागला. मीही त्या दिवशी गेलो होतो. वकील बोलत असताना मास्तरांचे ओठ हलत होते.

त्यांच्या आईची आठवणही त्याच कोर्टाची. डोळ्यांवर इलाज झाल्यावर म्हातारी पहिल्यांदाच महाडला आली. डोक्यावर कुळथाचे गाठोडे. ती शाळेत न येता सरळ कोर्टात गेली आणि पट्टेवाल्याला विचारू लागली की उतेकर वकिलाची खुर्ची कुठली. पट्टेवाल्याने तिला शाळेची वाट दाखवली.

"बाला, समदं बगितलं," तिने वर्गाच्या दारातून सांगितले. "तुजी खुर्ची काय दिसली नाय."

मुले हसली. मास्तर तिला घेऊन बाहेर आले. "आये, खुर्ची जज्जाची. वकील उभा ऱ्हातो."

"आसं? मंग उभं ऱ्हायाची जागा दाव."

शाळा सुटल्यावर ते तिला घेऊन निघाले. मलाही चला म्हणाले. कोर्ट बंद झाले होते. त्यांनी खिडकीचे दार लोटून तिला आत दाखवले. टेबल, कठडा, वरचा पंखा. "त्या टेबलाच्या अल्याड. तिथं."

म्हातारीने गजाला कपाळ लावून बराच वेळ पाहिले. मग म्हणाली, "जागा चांगली हाय. उजेड येतो."

त्यानंतर दोन पावसाळे गेले. मग एक दिवस वाचनालयात त्यांनी वर्तमानपत्रात वाचले की कायद्याच्या अभ्यासक्रमाचे नियम बदलत आहेत. ज्यांच्या टर्मा अर्धवट राहिल्या असतील त्यांनी त्या यंदा पुऱ्या कराव्यात. पुढे जुन्या टर्मा धरल्या जाणार नाहीत. त्यांनी ती बातमी मला वाचायला दिली, परत घेतली, पुन्हा वाचली. "पळून जाते वाटतं," एवढेच म्हणाले. हेडमास्तरांनी बिनपगारी रजा दिली. जूनला ते मुंबईस गेले, भावाच्या खोलीत उतरले, आणि लॉ क्लासच्या पहिल्या दिवशी त्यांच्या शेजारी बाकावर इस्माईल येऊन बसला.

इस्माईल बी.ए. होऊन कायदा करीत होता. पुढचे त्याच्याकडूनच कळले. वर्गात सगळी विशी-बाविशीतली पोरे आणि त्यांच्यात करड्या मिशांचे उतेकर मास्तर. पहिल्या दिवशी पोरे त्यांना प्रोफेसर समजून उठून उभी राहिली. मास्तर हाताने बसायची खूण करून मागच्या बाकावर गेले. ते घंटेच्या अर्धा तास आधी येत. एकही व्याख्यान चुकले नाही. आता तर पेढीही नव्हती आणि शेटजीही नव्हते.

गौरी-गणपतीला ते चार दिवस वाडीवर आले. परतीच्या दिवशी घाटात दरड कोसळली, पोलादपूरची मोटार बंद झाली. ते चिखल तुडवीत पोलादपूरपर्यंत आणि तिथून मिळेल त्या बैलगाडीने महाडला आले. मी मोटारस्टँडवर होतो. त्यांच्या अंगात ताप होता. हात हातात घेतला तेव्हा मला कळले.

"मास्तर, आज राहा. डॉक्टरांना दाखवू."

"धरमतरच्या बोटीला जाणारी मोटार ही शेवटची. उद्या व्याख्यान आहे."

"एक बुडेल. फार तर चार बुडतील. डॉक्टर दाखला देतील. आता तर तुम्ही खरंच आजारी आहात."

ते जरा हसले. "तेच तर, शास्त्रीबुवा. तेव्हा खोटं लिहिलं असतं तर चाललं असतं. आता खरं लिहीन आणि कोणी नाही म्हटलं तर? त्या माणसापुढं पुन्हा उभं राहून नीट आठवायचं... नको. मला आता बाकावर बसलेलंच बरं."

मोटारीचा क्लीनर उतारू मोजत होता. त्याच्याकडे नावे होती. शेवटी त्याने ओरडून विचारले, "वकील मास्तर आलेत का?" ते मागच्या बाकावर, ताडपत्रीच्या कडेला बसले होते. वर्गातला मुलगा करतो तसा त्यांनी हात वर केला.

"हजर," ते म्हणाले.

मोटार सुटली. हात काही वेळ वरच होता. मला दिसलेले उतेकर मास्तर ते शेवटचे.

मुंबईत ताप उतरत-चढत राहिला. इस्माईल रोज म्हणे, "सर, तुम्ही पडून राहा. तुमच्या नावाला मी ओ देतो. तुमचा आवाज मला लहानपणापासून पाठ आहे." मास्तर म्हणत, "तू वेळेवर येतोस हेच पुष्कळ." घोंगडी पांघरून ते मागच्या बाकावर बसत. लिहून घेणे त्यांनी सोडले होते. नाव आले की ओ देत आणि मग डोळे मिटत. शेवटच्या आठवड्यात दोघेजण त्यांना दोन बाजूंनी धरून जिना चढवीत. टर्मचे शेवटचे व्याख्यान झाले त्या रात्री भावाने त्यांना इस्पितळात नेले. तिथे ते वाडीच्या बोलीतच बोलत होते. गुरे वरच्या अंगाने न्या, असे कोणाला तरी सांगत होते. डॉक्टर म्हणाले, विषमज्वर. निदान पंधरा दिवस आधी अंथरुणावर हवे होते.

इस्माईल नंतर कचेरीत गेला आणि उतेकरांच्या टर्मचे काय झाले असे विचारले. कारकून म्हणाला, "भरली. प्रिन्सिपॉलची सही झाली आहे. त्यांना सांगा, परीक्षेचा अर्ज वेळेवर करा."

दिवाळीच्या सुट्टीत इस्माईल आणि मी वाडीवर गेलो. म्हातारी ओटीवर नाचणी पाखडत होती. तिने आम्हाला बसायला घोंगडी टाकली, पाणी दिले. थोरला भाऊ सगळे सांगून परत मुंबईला गेला होता. तरी तिने इस्माईलला जवळ बसवून घेतले.

"तू व्हतास ना त्याच्या संगं?"

"होय, आये."

"त्याची ती टर्म ऱ्हायली व्हती. ती भरली का रं?"

"भरली, आये. पुरी भरली."

म्हातारीने सूप खाली ठेवले. "मंग झाला ना त्यो वकील?"

इस्माईल माझ्याकडे पाहू लागला. मी अंगणाकडे पाहिले. परीक्षा राहिली होती, सनद राहिली होती, आणि ज्या माणसाची ती राहिली होती त्याने असल्या प्रश्नाचे उत्तर एकदा नीट आठवून दिले होते. कोंबड्या सांडलेली नाचणी वेचीत होत्या. म्हातारी थांबली होती.

"झाले," इस्माईल म्हणाला. "वकील झाले, आये."

"मला वाटलंच," ती म्हणाली आणि सूप उचलले.

उतरताना इस्माईल वाटेत एका ठिकाणी थांबला आणि म्हणाला, "सरांनी ही ओ चालवून घेतली नसती." मी म्हणालो, नसती.

इस्माईलची शेवटची टर्म या मार्चला भरते. उतेकर मास्तरांच्या जागी शाळेत नवे शिक्षक आले आहेत, ते चांगले शिकवतात. फळ्यांच्या भिंतीतून त्यांचा आवाज मला ऐकू येतो. शाळेत आता सगळ्या वर्गांची हजेरी पहिल्या घंटेला होते. नाव एकदाच घेतात. होडी उशिरा आली की नदीपलीकडच्या मुलांच्या नावापुढे खाडा लागतो.